दारातली महादेवी

शरणम्माचं पत्र येऊन वर्ष उलटलं, तरी शिवशरणांनी उत्तर धाडलं नव्हतं. नातीला, महादेवीला, सोलापूरला पाठवा, माझ्या पोरींबरोबर शाळेत जाईल, एवढंच पोरीच्या मावशीनं लिहिलं होतं. शिवशरणांनी मनातल्या मनात कितीदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. आज ऐन उन्हात शरणम्मा स्वतःच उमरग्याला येऊन दारात उभी होती.

कडी वाजली तशी त्यांनी हातातली पोथी छातीशी धरली. "महादेवी," ते पुटपुटले, "सांग, अज्जा पूजेला बसलेत."

इष्टलिंग तळहातावर घेऊन बसलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. शिवशरणांनी या रिवाजाचा आडोसा जन्मभर घेतला होता. तहसील कचेरीत उर्दू कागदांच्या नकला करण्यात हयात गेली, तीही मान खाली घालूनच. पटकीच्या साथीत मुलगा आणि सून पाठोपाठ गेले, तेव्हा समाचाराला आलेल्यांशी काय बोलावं ते त्यांना सुचेना. ते भिंतीकडं तोंड करून पूजेला बसले. मागं नात रांगत होती.

पोर आपल्यासारखीच अबोल निघणार, असं त्यांना वाटे. बरीच मोठी होईतो ती बोललीच नाही, नुसती टुकूटुकू बघायची. मग एक दिवस उंबऱ्याशी टेकलेल्या कासारणीला म्हणाली, "बसा, पानी देते." शिवशरण आतून बघतच राहिले. पुढं ती कानडी माणसाशी कानडीत बोलू लागली, मराठी माणसाशी मराठीत. गस्तीवरच्या शिपायाला तिनं विचारलं, बंदूक खांद्याला रुतते का. शिपाई हसला, पण आत शिवशरणांना घाम फुटला. हे धाडस आलं कुठून? आपल्याकडून नाही, मुलाकडूनही नाही. सुनेचं असेल. पण सुनेशी आपण कधी चार शब्द बोललो नाही, तर कळावं कसं?

हळूहळू दार तिच्याकडं गेलं. सहा वर्षांची पोर घरासाठी बोलू लागली आणि म्हाताऱ्याला त्याची सवय झाली. पत्राचं उत्तर अडलं होतं ते इथंच.

आज मात्र महादेवी जागची हलली नाही. "न्हाय अज्जा. मावशीला खोटं न्हाय सांगणार म्या."

तिनं दार उघडलं आणि शांतपणे म्हणाली, "अज्जा आत हायत. पूजेला न्हाय बसले. त्यांला माणसांचं भ्या वाटतं. हळू बोला."

शरणम्मा आत येऊन भिंतीशी बसली. मग तिनं विचारलं, "हिला असं बोलायला कुणी शिकवलं, अण्णा?"

"कुणीच नाही. मी तर खोटंच शिकवलं."

"पोरीसाठी भांडायला न्हाय आले म्या. व्हय म्हणा, न्हाय म्हणा, पर उत्तर द्या. वर्सभर वाट बघतेय."

एवढं बोलून, पाणी पिऊन ती सोलापूरच्या मोटारीला गेली. ती गेल्यावर त्यांनी नातीला विचारलं, तुला जायचंय का. आजवर हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"शाळा बघायची हाय," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "पर अज्जा, मग दारात कोण जाईल?"

त्यांनी दौत पुढं ओढली. पोरीला येऊन घेऊन जा, तिला गप्प बसवू नका, एवढंच लिहायला त्यांना संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी दोघं टपाल कचेरीत गेली. खिडकीशी गर्दी होती. महादेवी नेहमीप्रमाणं पुढं सरसावली, तशी त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"सोलापूरला पत्र धाडायचंय. तिकीट द्या."

कारकुनाला ऐकू गेलं नाही. शिवशरणांना पुन्हा बोलावं लागलं, जरा मोठ्यानं. चार माणसांनी वळून पाहिलं. महादेवी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, पण मध्ये बोलली नाही.

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला. त्यांचा हात पेटीच्या तोंडाशी तसाच राहिला होता. महादेवीनं तो धरून हळूच खाली घेतला.