मास्तरांच्या पोटावरची जाळी

मी रबराची पिशवी बोलतेय. गरम पाणी भरून पोटावर ठेवतात ना, ती. तोंडाला कायम बूच असल्यामुळे मला बोलायची सवय नाही. शिवाय जी जन्मभर दुसऱ्याच्या पोटावर जगली तिनं बढाया मारू नयेत, हेही मला कळतं. तरी थोड्या मारणारच आहे.

साच्यातून माझ्याबरोबर निघालेल्या बाकीच्या पिशव्या छान लालभडक होत्या. मी मात्र आजारी माणसाच्या जिभेसारखी फिकट निघाले. औषधाच्या दुकानात दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. मग एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे शिंपी. पन्नास वर्षं लोकांच्या विजारी शिवून, दुकान मुलीच्या हवाली करून घरी बसलेले. ते गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला आले होते. जाता जाता म्हणाले, "पोटही जरा धरतंय हल्ली." दुकानदारानं लगेच मला पुढे केलं. मास्तरांनी मला दोन बोटांत धरून कापडासारखं चोळून पाहिलं आणि म्हणाले, "माल बरा आहे." माझी झालेली ही पहिली आणि शेवटची स्तुती.

घरी आल्यावर त्यांनी उरलेल्या कोटाच्या कापडाचा अंगरखा मला शिवला, वर दोन बटणंही लावली. झालं! कोट अंगावर चढल्यावर मी स्वतःला डॉक्टरच समजायला लागले.

सुरुवातीला मास्तरांची बायको मला भरून द्यायची. "अहो, काय होतंय नक्की?" तिनं विचारलं की मास्तर म्हणायचे, "काही नाही गं, गॅस." म्हातारपणी हा शब्द फार उपयोगाचा असतो. छातीपासून गुडघ्यापर्यंत कुठंही काही झालं की तो लावता येतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकेक उपाय सांगून जायचा. एक म्हणाला, जेवणाआधी पाणी प्या. दुसरा म्हणाला, जेवणानंतर प्या. तिसऱ्यानं पाणीच बंद करायला सांगितलं. मी खुंटीवरून हसत होते, कारण माझ्या मते इलाज एकच होता आणि तो कोट घालून लटकत होता.

हळूहळू मास्तर मला स्वतःच भरायला लागले, तेही चोरून. दुपारी बायको पडली की ते मागच्या खोलीत यायचे, दार लोटायचे आणि मला सदऱ्याच्या आत, थेट पोटावर घ्यायचे. कधीकधी दुखायचं इतकं, की माझा अंगरखा काढून नुसतं रबर कातडीला लावायचे. चटका बसायचा, पण म्हणायचे, आतल्यापेक्षा हा बरा. मला काय वाटायचं सांगू? अभिमान वाटायचा. माणूस माझ्याशिवाय राहू शकत नाही, याला मी माझी हुशारी समजत होते!

एकदा त्यांनी मलाच सांगितलं. घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून. म्हणाले, "थोरला भाऊ असाच पोट धरून दवाखान्यात गेला. गेला तो गेलाच. मी नाही जायचा." तेव्हा मला पहिल्यांदा आतून गार वाटलं. खरं म्हणजे पाणी निवलं होतं. पण तेवढंच नव्हतं.

अन्न कमी झालं, मास्तर वाळत चालले. दुसरा कुणी असता तर विजार ढगळ होऊन चारचौघांत उघडा पडला असता. पण हा पडला शिंपी! दर महिन्याला ते घरातल्या जुन्या शिवणयंत्रावर बसायचे आणि आपल्याच विजारीची कंबर आत घ्यायचे. सदऱ्यालाही बाजूनं टीप मारायची. कपडे असे अंगाबरोबर बसायचे, की बघणाऱ्याला मास्तर आहेत तसेच दिसायचे. बायको तर कौतुकानं म्हणायची, "या वयातही कसे नीटनेटके राहता हो!" पन्नास वर्षांची कला त्यांनी स्वतःचं हाल झालेलं शरीर झाकण्यात खर्च केली. आणि मी त्यांची साथीदार. चोरासोबत पिशवी असतेच म्हणा.

मग तो मंगळवार आला. सकाळी मास्तर संडासातून बाहेर आले ते भिंत धरून. चेहरा पांढराफटक. "संडासला काळं काळं झालं," एवढंच पुटपुटले, तेही माझ्याजवळ. बायकोला म्हणाले, "जरा पडतो." मला नेहमीपेक्षा जास्त भरलं, बूच आवळलं आणि पोटावर दाबून धरलं. मी घाबरले होते. ओरडावंसं वाटत होतं. पण मला येतं काय? गरम होणं आणि गार होणं. एवढ्या शिक्षणावर मी डॉक्टर झाले होते!

आता पुढचं खरं मानायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं रबर जुनं झालं होतं, असं सगळे म्हणतात. मी म्हणते, मी ठरवून फुटले. खालची शिवण सोडली आणि होतं नव्हतं तेवढं पाणी मास्तरांच्या अंगावर ओतलं. मास्तर कळवळून ओरडले. बायको धावत आली, दुकानात निघालेली मुलगी धावत आली.

"अहो, काढा आधी ते ओलं!" म्हणत बायकोनं सदरा ओढून काढला आणि तिचा हात तसाच राहिला. मास्तरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आणि पोटावर तपकिरी रंगाची जाळी उठली होती, गाळणीवर चहाचे डाग पडावेत तशी. ते माझं काम. महिनोन् महिने भाजत राहून मी ती कातडीवर उमटवली होती.

मुलगी उतरवलेली ओली विजार पिळायला घेत होती. कंबरेपाशी तिची बोटं थांबली. शिंप्याचीच पोर ती. तिनं विजार उलटी केली आणि आतल्या टिपा बघितल्या. एक, दोन, तीन, चार.

"बाबा, तुमची कंबर अडतीस होती ना? ही तर बत्तीसची झालीय."

मास्तरांनी चादर पोटावर ओढून घेतली.

"आम्ही काय परके होतो का, बाबा?" ती रडत रडतच रिक्षा आणायला धावली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावरची जाळी पाहताच विचारलं, "आजोबा, किती महिने शेकताय?" मास्तर म्हणाले, "थोडे दिवस." बाई म्हणाल्या, "हे डाग थोड्या दिवसांत पडत नाहीत." नळी घालून आत बघितलं तेव्हा जखम सापडली, रक्त झिरपत होतं आणि तेच काळं होऊन पडत होतं. गुडघ्याच्या गोळ्या मास्तर उपाशीपोटी घेत आले होते, त्यांनी पोट आतून खाल्लं होतं. "आणखी थोडा उशीर केला असतात तर अवघड होतं," असं बाई म्हणाल्या. त्या गोळ्या बंद झाल्या, दुसऱ्या सुरू झाल्या, रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या. दहाव्या दिवशी मास्तर चालत घरी आले. पोटाची जाळी हळूहळू फिकट होईल म्हणतात. मला तिची लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर तिच्यामुळेच खोटं उघडं पडलं म्हणून थोडा अभिमानही वाटतो. सवय जात नाही.

फुटल्यावर माझा कोट गेला, हुद्दाही गेला. मुलीनं मला कात्रीनं चौकोनी कापलं आणि शिवणयंत्राच्या चार पायांखाली चार तुकडे सरकवले. यंत्र आता हलत नाही. काल मुलगी यंत्रावर बसली असताना मास्तर जवळ आले, हातात विजार घेऊन.

"पोरी, कंबर जरा सोडून दे. घट्ट होतेय."

"किती सोडू, बाबा?"

"एक इंच. नाही, दोन सोड. तुझी आई फार वाढते."

मुलीनं टिपा उसवायला घेतल्या आणि कितीतरी वेळ ती मान वर करेना. माझ्यावर यंत्राचा भार होता, तरी मला हलकं वाटलं.

तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेलच. ती बिचारी नेकीनं गरम होईल, त्यात तिचा दोष नाही. फक्त घरातलं कुणी म्हातारं माणूस तिला रोज मागायला लागलं, तर पाणी तापत ठेवण्याआधी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, कधीपासून दुखतंय. 'गॅस' म्हणालं तरी उठू नका. मला हे विचारता येत नव्हतं, म्हणून फुटावं लागलं.