डाव्या हातावरची दहा मिनिटे

"हलू नकोस गं. दहा मिनिटं होऊ देत, मग दिवा लावतो."

"घरी माझं ऐकावं लागतं, त्याचा सूड इथे उगवताय होय?" बायको पडल्या पडल्या म्हणाली.

दवाखान्यात तंत्रज्ञ असलेल्या नवऱ्याने तिच्या गळ्यावरच्या गाठीवर लेप लावला होता. लेप मुरला की कातडी थोडी पारदर्शक होई आणि लाल दिव्याचा उजेड खोल जाई. टोचलेले औषध त्या उजेडानेच गाठ जाळत असे. लेप किती वेळ ठेवायचा, ते भिंतीवरच्या तक्त्यावर त्याच्याच अक्षरात होते: दहा मिनिटे.

नऊ वर्षांपूर्वी लेपाच्या चाचणीला कोणी मिळेना, तेव्हा त्याने आपला डावा हात पुढे केला. तेव्हापासून प्रत्येक नवा लेप त्याच हातावर; तक्त्यावरची दहा मिनिटेही त्यावरूनच ठरलेली. त्याचा त्याला केवढा अभिमान!

बायकोने तो हात चाचपला. "हा लोण्यासारखा, आणि उजवा म्हणजे नुसती कानस. एका माणसाचे वाटतात का?"

तो हसला आणि घड्याळ बघून त्याने दिवा लावला.

महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्यालाच आत बोलावले.

"वरची गाठ जळाली, पण खालची वाढलीय. उजेड तिथवर पोचलाच नाही. आता श्वासनळीला धरलंय; पुन्हा उजेड देताही येणार नाही, कापताही येणार नाही."

"मी मिनिटभरही चुकलो नाही, बाई."

"माहितीये. तक्त्याप्रमाणेच केलंत तुम्ही."

त्याने तक्त्याकडे पाहिले, मग डाव्या हाताकडे. लोण्यासारखा. लेप लावून लावून मऊ, पातळ झालेली कातडी. तिच्यात दहा मिनिटांत मुरणारच. इतरांच्या कातडीत? 'गुण नाही' असा शेरा मारलेल्या कितीतरी फायली त्याने स्वतः कपाटात ठेवल्या होत्या.

बाहेर बाकावर त्याने बायकोला सगळे सांगितले, काहीही न लपवता. तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही.

मग उठून ती आत गेली आणि खुर्चीत बसून तिने बाही वर सारली.

"माझ्या हातावर लावून बघा. पुढच्या माणसाचं तरी नीट होऊ दे."

"हलू नकोस गं," तो म्हणाला. त्याने तिच्या मनगटावर लेप लावला.

दहा मिनिटांनी उजेड वरवरच राहिला. वीस मिनिटांनीही तसाच. दोघे घड्याळाकडे बघत बसून राहिले. पस्तिसाव्या मिनिटाला तिच्या मनगटातली खोलवरची शीर दिसू लागली.

"लिहा," ती म्हणाली.

त्याने तक्त्यावरचे दहा खोडले.