तिच्या डावीकडचा कोपरा

देशातल्या थोर खेळाडूंच्या रांगेत धाकटी बसते की नाही, यावर टीव्हीवर चार शहाणी माणसं भांडत होती आणि बाबा इकडून त्यांना उत्तरं देत होते. टीव्हीला ऐकू जात नाही हे बाबांना पटवून देण्याचा नाद घरातल्यांनी केव्हाच सोडला होता. "तो पैलवान चालतो, ती पोहणारी चालते, आणि माझीच मुलगी तेवढी चालत नाही?" ते म्हणाले. टीव्हीतल्या चष्मेवाल्याने शांतपणे सांगितलं की देशात तिच्याइतकं टेनिस कुणी खेळलेलं नाही हे सगळ्यांना मान्य आहे, पण जगातली मोठी म्हणावी अशी एकही स्पर्धा तिने जिंकलेली नाही. दोनदा अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि दोन्ही वेळा हरली. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, "आणि आता, या वयात, त्या गुडघ्यावर, ती जिंकणार आहे का?"

थोरला दाराजवळच्या खुर्चीत बसून रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत कुणाला माहीत असलंच, तर ते त्याला असायला हवं होतं.

थोरला म्हणजे तिचा भाऊ. खेळाच्या जगात त्याला 'भिंत' म्हणत. एकेकाळी तोही खेळायचा आणि चांगला खेळायचा, पण बाबांनी दोघांना काही दिवस समोरासमोर उभं करून पाहिलं आणि निकाल देऊन टाकला: ही खेळेल, तू हिला खेळवशील. त्या निकालावर अपील नव्हतं. तेव्हापासून तिच्या समोर उभं राहून चेंडू परतवणं हाच त्याचा धंदा. उद्या जिच्याशी सामना असेल तिच्यासारखं आज खेळून दाखवायचं, आणि उरलेल्या वेळात धाकटीला हवा तिथे, हवा तसा चेंडू देत राहायचं. भिंत चुकत नाही, भिंत दमत नाही, आणि भिंतीची मुलाखत घ्यायला कुणी येत नाही. त्याला त्याचं वाईट वाटायचं का? सुरुवातीला फार वाटायचं. मग बहिणीच्या गळ्यात पहिलं पदक पडलं त्या दिवशी तो इतका रडला, की आपण कुठे हरलो होतो तेच विसरून गेला.

डाव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यालाच समोर बसवून बजावलं होतं. चेंडू तिच्या हाताशी द्यायचा. डावीकडच्या कोपऱ्यात अजिबात पळवायचं नाही, कारण तिथे जाऊन पाय रोवून वळायचं म्हणजे सगळा भार त्याच गुडघ्यावर. थोरल्याने ते मनावर घेतलं. तो कोपरा त्याने असा टाळला, जसा काही तो कोर्टाचा भागच नव्हता. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. धाकटी पळायला लागली, तिच्या चेहऱ्यावर रंग आला, फटक्यात पूर्वीची धार आली. आता हे लाड बंद कर, असं त्याला कुणी म्हटलं नाही, आणि ती हसायला लागली होती म्हणून त्यानेही कुणाला विचारलं नाही. गुडघा बरा झाला असं घरातले सगळे धरून चालले. खरं म्हणजे गुडघ्याला अजून कुणी प्रश्नच विचारला नव्हता.

आणि आता महिन्याभरावर मोठी स्पर्धा आली होती. दुसरीकडे टेनिस संघटनेने तिला राष्ट्रीय अकादमीत मुख्य प्रशिक्षक व्हायला बोलावलं होतं, पण त्यासाठी खेळणं थांबवावं लागणार होतं. बाबांच्या मते त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. मुख्य स्टेडियमच्या प्रवेशदारी भिंतीवर देशाच्या थोर खेळाडूंची तैलचित्रं आहेत. प्रशिक्षकांची तिथे लावत नाहीत. धाकटीने मात्र बाबांना मध्येच थांबवलं.

"परवा सकाळी दादाबरोबर एक सेट," ती म्हणाली. "जिंकले तर स्पर्धेला जाईन. हरले तर रॅकेट ठेवून देईन, कुणी वाद घालायचा नाही. आणि दादा, लाड नकोत हं. खरं खेळायचं."

सेटची गोष्ट डॉक्टरबाईंच्या कानावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला दवाखान्यात बोलावून घेतलं. त्यांनी गुडघ्याच्या एमआरआयचा फोटो उजेडात धरला, पण समजावून सांगण्याच्या भानगडीत पडल्या नाहीत.

"हरवा तिला," त्या म्हणाल्या. "या वेळी फाटलं तर शिवायला आत काही उरलेलं नाही. नीट चालणंसुद्धा जाईल."

"तुम्हीच सांगा ना तिला."

"सांगून थकले. ती स्कोअर सोडून कशाचंही ऐकत नाही. तुम्हाला जड आहे का? डावीकडे इतक्या जोरात मारा की ती पळायलाच जाणार नाही, बस."

जड काहीच नव्हतं. थोरला घरी आला तो जवळजवळ हलका होऊन. तो आजही तिच्यापेक्षा जोरात मारत होता, तिचा प्रत्येक फटका त्याला रॅकेट हलायच्या आधी कळत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बहिणीला हरवायचं होतं, आणि तेही तिच्याच भल्यासाठी. यापेक्षा चांगली संधी देवाने भिंतीला काय द्यावी?

सकाळी कोर्टावर दव होतं. बाबा पंचाच्या उंच खुर्चीवर चढून बसले. पहिल्याच गेममध्ये थोरल्याने कोपरा हेरला आणि मनगट वळवून चेंडू मारला. चेंडू गेला आणि धाकटीच्या अगदी हाताशी पडला. तिने तो एका पावलात गाठून परत भिरकावला.

असेल एखादा, असं म्हणून त्याने पुन्हा मारला. पुन्हा तेच. तो नजर कोपऱ्यावर ठेवत होता, खांदा कोपऱ्याकडे वळवत होता, आणि अगदी शेवटच्या क्षणी रॅकेटचं तोंड आपोआप थोडं वळायचं आणि चेंडू आपल्या ठरलेल्या घरी जायचा. मग त्याने जोर वाढवला. तेव्हा चेंडू जाळ्यात जायला लागले, नाहीतर रेषेबाहेर. त्याने पाय बदलून पाहिले, मूठ बदलून पाहिली, स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पलीकडे ती उभी होती, घामेजलेली, डाव्या गुडघ्यावर पट्टा बांधलेली, आणि ती तिथे उभी आहे तोवर हात त्याचं ऐकायला तयार नव्हता. इतकी वर्षं एकच काम करून घेतलेला हात होता तो. आणि ऑपरेशनपासून तर तो कोपरा त्याच्या हिशोबातच नव्हता.

धाकटी सहज जिंकली.

"म्हातारा झालास दादा," ती जाळ्याशी येऊन हसली.

"ऐक," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "हे धरू नकोस. मी तुला डावीकडे एकदासुद्धा पळवलं नाही. मला जमलंच नाही. तो पाय कसा आहे हे तुलाही माहीत नाही. जाऊ नकोस."

"जमलं नाही म्हणजे?"

"मारायला गेलो की चेंडू तुझ्याकडेच येतो."

बाबा खुर्चीवरून उतरले. "हरलास तर हरलास," ते म्हणाले. "तिच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नकोस."

धाकटीचं हसू मावळलं होतं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज न चढवता विचारलं, "पोटात दुखतंय का रे तुझ्या?"

 इतक्या वर्षांत हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. त्याने खाली वाकून चेंडू गोळा करायला सुरुवात केली. तिने त्याच दिवशी स्पर्धेत नाव दिलं.

स्पर्धेत पहिल्या फेरीत तिच्यासमोर आली एक कोवळी पोर. सुरुवातीचे काही गेम धाकटी अशी खेळली की बाबा शेजारच्या अनोळखी माणसांना टाळ्या देत सुटले. थोरला त्यांच्या बाजूला बसून फक्त त्या पोरीची रॅकेट बघत होता. पोर मठ्ठ नव्हती. तिने आधी एक चेंडू डावीकडे टाकून पाहिला. मग आणखी एक, जरा लांब. धाकटी दोन्हींना पोचली, पण वळताना तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि ते थोरल्याने पाहिलं तसं त्या पोरीनेही पाहिलं. तिसरा चेंडू बरोबर कोपऱ्यात पडला. धाकटी पळाली, पाय रोवला, वळली आणि खाली बसली. ओरडलीसुद्धा नाही. प्रेक्षकांना आधी वाटलं ती बुटाची नाडी बांधतेय.

इस्पितळाच्या खोलीत टीव्ही चालू होता. तोच चष्मेवाला सांगत होता की तिची कारकीर्द आज संपली, की तिच्या जिद्दीला तोड नाही, आणि थोरांच्या रांगेत मात्र तिला बसवता येणार नाही. तिच्याविषयी पुढेही 'जवळपास' हाच शब्द वापरावा लागेल.  या वेळी बाबा उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. अकादमीची जागा तोवर दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती.

धाकटी काठी घेऊन चालायला लागली त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिने थोरल्याला कोर्टावर न्यायला सांगितलं. इतके दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. पाणी दे, खिडकी लाव, एवढंच. कोर्टावर आल्यावर तिने बाहेरच्या बाजूला खुर्ची मांडायला लावली, बसली, आणि काठीने पलीकडची रिकामी बाजू दाखवली.

"त्या कोपऱ्यात मार."

"कशाला आता?"

"मार म्हटलं ना."

त्याने टोपलीतला एक चेंडू उचलून मारला. तो कोपऱ्यात पडला. दुसरा तिथेच पडला, त्याच्या पुढचाही तिथेच. मनगट सुटं झालं होतं, हात तक्रार करत नव्हता, आणि चेंडू रेषेला चाटून एकामागून एक जात होते. चांगले फटके होते ते. इतक्या वर्षांत इतके चांगले फटके त्याने मारले नव्हते. त्याला वाटलं, एखादा तरी चुकावा. एकही चुकला नाही.

"म्हणजे जमतं तुला," ती म्हणाली.

"तू समोर नसलीस की जमतं."

ती त्या कोपऱ्यातल्या चेंडूंकडे बघत राहिली. आपण मुद्दाम हरलो नव्हतो यावर तिचा विश्वास बसला आहे हे त्याला दिसलं, आणि बसला नसता तर बरं, असं त्याला वाटलं.

"मुद्दाम केलं असतंस ना दादा, तर परवडलं असतं," ती शेवटी म्हणाली. "रोज सकाळी उठून पहिल्यांदा तुझ्यावर चिडायचे मी. तेवढ्यावर दिवस निघायचा. आता उद्या उठून काय करू?"

 टोपली रिकामी झाली होती, म्हणून तो जाळ्याला वळसा घालून पलीकडे गेला आणि कोपऱ्यातले चेंडू उचलू लागला.