रूपसिंग फौजीची चौकशी

दारव्ह्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर रूपसिंग राठोड सरपंचपदाला उभा राहिला आणि लगोलग बातमी फुटली, की तो फौजेतून रिटायर झालेला नाही, पळून आलेला आहे. बातमी फोडली शंकरसिंगने. तोही सरपंचपदालाच उभा होता. पण हा योगायोग असल्याचं त्याने स्वतःच सांगितल्यामुळे कोणी खोलात गेलं नाही.

तांड्याची मतं एकगठ्ठा पडतात आणि ती कुठे पडायची ते तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, ठरवतात. म्हणून अर्ज मागे घेण्याची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी नायक पूनमसिंग यांनी सेवालाल महाराजांच्या देवळासमोर बैठक बोलावली. आरोप खरा ठरला, तर रूपसिंगने अर्ज मागे घ्यायचा आणि नावामागचं 'फौजी'ही सोडायचं. मी जन्मभर वर्तमानपत्रांतून सगळ्याच पुढाऱ्यांची टिंगल केलेली, म्हणून मला तटस्थ धरून पुढे बसवलं.

रूपसिंगने निवृत्तीचे कागद दाखवले. शंकरसिंग म्हणाला, असे कागद हल्ली कुठेही छापून मिळतात. रूपसिंगने मेडल दाखवलं. मेडल शाळेच्या गॅदरिंगमध्येही मिळतं, असं शंकरसिंगने शांतपणे कळवलं. नायकांनी दोन्ही बाजू तोलल्या आणि दोन्हींत वजन असल्याचं जाहीर केलं. मग त्यांनी सभेला विचारलं, रूपसिंगच्या फौजेबद्दल कोणाला खात्रीने काही ठाऊक आहे काय.

ठाऊक सगळ्यांना होतं. रूपसिंग दर महिन्याला मिलिटरी कॅन्टीनमधून माजी सैनिकांच्या कोट्याची रम आणायचा आणि स्वतः पीत नसल्यामुळे तांड्यात वाटून टाकायचा. पळून आलेल्याला फौज कोटा देत नाही. एवढं कोणी म्हटलं असतं तरी काम संपत होतं. पण समोर बाया बसल्या होत्या आणि त्यांच्या दारूबंदी मंडळाची अध्यक्ष होती मैनाबाई, म्हणजे रूपसिंगचीच बायको. देवळासमोर खोटं बोलता येत नाही. गप्प बसायला मात्र मनाई नाही. झाडून सगळे पुरुष गप्प बसले. रूपसिंग घाम पुसत होता. बोलला असता तर उमेदवारी वाचत होती, पण घरी जायची सोय राहत नव्हती.

"मंग रूपसिंग, अर्ज मागं घ्या लागते बाप्पा," नायक म्हणाले.

रूपसिंगने मान खाली घातली. तेवढ्यात मैनाबाई उठली.

"शंकरभाऊ, दिवाळीले आमच्या घरून पिशवी नेलती तुम्ही. काय होतं तिच्यात?"

शंकरसिंगने देवळाकडे पाहिलं. "रम होती, वहिनी."

"कोठची?"

"मिलिट्रीची."

"पळून आलेल्याले देते काय फौज?"

"नाही देत," शंकरसिंग म्हणाला, आणि ओझं उतरल्यासारखा खाली बसला.

रूपसिंग बायकोकडे वळला. "तुले माहीत होतं?"

"पेटीत वर्दीखाली बाटल्या ठेवता. ते वर्दी उन्हात कोण टाकते? तुम्ही पीत नव्हते, म्हून गप होती मी. आता कॅन्टीनातून साबण आना, चहापत्ती आना. बाटली नाही."

नायकांनी पुन्हा विचारलं, कोणाला खात्रीने ठाऊक आहे. आता एकेक हात वर गेला. सगळ्यात आधी शंकरसिंगचा, आणि सगळ्यात शेवटी, जरा रेंगाळत, खुद्द नायकांचा. तांडा कोरडा पडणार होता, तरी इतके हलके झालेले चेहरे मी मतमोजणीनंतरही पाहिलेले नाहीत.

आरोप एकमताने खोटा ठरला. रूपसिंगने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मैनाबाईच्या मागोमाग घराकडे निघाला.