स्पर्धकाचा रकाना

अर्ज चौदा पानांचा होता. तेरा पानं बाईंनी हातासरशी भरून टाकली आणि गाडी अडली ती शेवटच्या पानावर. 'परदेशातील मुख्य स्पर्धकाचे नाव' असा रकाना, आणि खाली तंबी: रिकामा ठेवल्यास अर्ज बाद.

बाईंच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. सरकारी विद्यापीठाच्या काचघरात त्या वीस वर्षं गव्हावरचा तांबेरा जगवत होत्या. ही बुरशी हिरव्या पानाशिवाय तग धरत नाही, म्हणून सारखी नवी रोपं लावायची आणि तिला त्यांवर चढवायची. आता अनुदान मिळणार होतं ते फक्त 'देशाला स्पर्धेत पुढे नेणाऱ्या' संशोधनाला. नाही मिळालं तर काचघराला कुलूप आणि महिन्याभरात बुरशी खलास.

"अहो, माझा स्पर्धक कोण?" त्यांनी अर्ज घेणाऱ्या कारकुनाला विचारलं.

"तुमच्यासारखंच काम तिकडे कोण करतं?"

"माझी मैत्रीण. पण तिची बुरशी मेली तर मी पाठवते, माझी मेली तर ती."

"मग टाका की तिचंच नाव! रकाना भरल्याशी मतलब. ती काय वाचायला येणार आहे?"

बाईंना हे पटलं नाही, पण न पटायला धड कारणही सापडेना. त्यांनी नाव लिहून टाकलं आणि दिवसभर चोरी केल्यासारख्या वावरल्या.

दोन महिन्यांनी अनुदान मंजूर झालं. पत्राच्या तळाशी अट होती: नमूद स्पर्धकास नमुने देऊ नयेत. बाईंनी ती तीनदा वाचली. तेवढ्यात मैत्रिणीचाच फोन.

"अगं, रागावू नकोस हं. आमच्याकडेही तसलाच फॉर्म आला होता. मी तुझं नाव दिलंय."

"भवाने, मीही तुझंच!" बाई खळखळून हसल्या. मनावरचा धोंडाच उतरला.

मैत्रीण मात्र हसली नाही. "काचघराचा पंखा बंद पडला गं. सगळी रोपं वाळली. एकही नमुना उरला नाही. पाठवशील ना?"

बाईंनी पत्राकडे पाहिलं. पाठवलं तर अनुदान जाणार. आणि अर्जाच्या भाषेत बोलायचं तर देश आज चांगलाच पुढे गेला होता. आनंद मानायचा की काय, त्यांना कळेना. भीती मात्र वाटली.

"अगं, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," बाई म्हणाल्या. "पण आता माझी मेली, तर मी कुणाकडे मागू गं?"