तोच आकडा, तोच क्रम

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. निमगाव सावाजवळच्या एका वस्तीवर, पंपघराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत, रिकाम्या गोणीखाली मी बसून असतो. पुण्यातल्या एका कचेरीला मी नकोसा झालो, तेव्हा इथे आलो.

वस्तीवरची तेवीस घरं तेव्हा एकाच पंपाचं पाणी घेत. उन्हाळ्यात ज्याची पाळी आधी, त्याचा कांदा वाचे. पूर्वी चिठ्ठ्या काढत आणि चिठ्ठीला खूण केली म्हणून भांडत. मग जुन्नरच्या कॉलेजात शिकणाऱ्या प्रतिभाने तेवीस नावं माझ्यात भरली आणि पत्ते पिसावेत तशी ती पिसायला मला शिकवलं.

पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली. वस्तीवरच्या सावळेरामांचं नाव बाविसावं आलं. ते म्हणाले, "पुन्हा काढून दाव." पुन्हा यादी काढली, तर ते तिसरे.

"ह्यातली खरी कंची?" त्यांनी विचारलं.

मला आधीचा क्रम आठवतच नव्हता. प्रतिभानेच लबाडी केली असं लोक बोलले. ती मान खाली घालून निघून गेली आणि वर्षभर माझ्याकडे फिरकली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली ती नवं शिकून. पिसण्याआधी मला एक आकडा द्यायचा. यादी तीच आणि आकडा तोच, तर क्रमही दर वेळी तोच. आकडा मात्र तिने स्वतः निवडला नाही. चार मेंढरं आणि दोन वाफे असलेल्या म्हाताऱ्या साळुबाईंना तिने सर्वांसमोर विचारलं.

"चारशे सतरा," साळुबाई म्हणाल्या. "माज्या जमिनीचा गट नंबर."

प्रतिभाने आकडा खडूने दारावर लिहिला. यादी आली. साळुबाई शेवटच्या होत्या.

कुणीतरी म्हणालं, "म्हातारीसाठी परत काढू."

"नगं," साळुबाई म्हणाल्या. "आकडा मीच सांगितला. आज माज्यासाठी काढला, तर उद्या समदेच काढाया लावतील."

सावळेरामांनी तोच आकडा तीनदा द्यायला लावला. दर वेळी तेवीस नावांवरून बोट फिरवलं.

"जुळतंय," ते म्हणाले. मग साळुबाईंकडे वळले. "माजी पाळी दुसरी हाय. त्यातच तुमचं वाफं भिजवून घ्या."

त्यानंतर पाच उन्हाळे भांडण झालं नाही. लोक मला हार घालत.

पुढे घरोघरी बोअर झाले. प्रतिभा नोकरीसाठी पुण्याला गेली. साळुबाई वारल्या, तेही मला उशिरा कळलं. बाहेरून जाणाऱ्या दोघांच्या बोलण्यातून. आता आवाज येतो तो पत्र्यावर उतरणाऱ्या कावळ्यांचा.

गेल्या महिन्यात प्रतिभा आली. बरोबर तिची भाची हर्षाली होती. प्रतिभाने जुन्या याद्या पेनड्राइव्हवर घेतल्या. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

"आत्या, ह्याचं काय करायचं?" हर्षालीने विचारलं.

"राहू दे इथंच," प्रतिभा म्हणाली. तिने ओढणीने माझी काच पुसली, जरा वेळ उभी राहिली आणि दाराला कडी घालून गेली.

मित्रांनो, जुनं यंत्र टाकण्याआधी त्यात कुणाचं काय राहिलंय ते पाहा. जे केलंत ते कसं केलंत, तेही मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवा. आणि कधीमधी बटण दाबा. मला सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढं थांबा.