जिंकून घसरलेला नंबर

हितेश शहापूरच्या शाळेत गणित शिकवायचा आणि संध्याकाळी सापगावच्या फुटबॉल संघाचा गोल राखायचा. गोल राखण्यापेक्षा आकडे राखणं त्याला बरं जमतं, असं संघातले म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. जगातल्या देशांची फुटबॉलची क्रमवारी पेपरात महिन्याला यायची, ती तो कात्रीने कापून वहीत चिकटवायचा. भारत शहाण्णव साली चौऱ्याण्णवावा होता, आता दीडशेच्या आसपास घुटमळतो, हे त्याला पाठ होतं. दोन हजार सहा साली फिफाने क्रमवारीची रीत बदलली. हितेशने ती समजून घेतली, थोडी सोपी केली आणि शहापूर-मुरबाडच्या सहा संघांना लावून टाकली.

रीत अशी. जिंकलं तर तीन, बरोबरीला एक, हरलं तर शून्य. त्याला समोरच्या संघाच्या ताकदीने गुणायचं. पहिल्या नंबरवाल्याची ताकद सहा, शेवटच्याची एक. मग सामन्याच्या महत्त्वाने गुणायचं. स्पर्धेतला सामना अडीचपट, मैत्रीचा एकपट. शेवटी सगळ्या सामन्यांची सरासरी काढायची. शेखरच्या सायकल दुकानाच्या फळीवर दर महिन्याला हा कागद लागायचा आणि कसाऱ्यापासूनची माणसं तो बघायला थांबायची.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर त्या कागदाला आणखी वजन आलं. कल्याणच्या एका मंडळाने कळवलं, जानेवारीअखेर तुमच्या यादीत जो पहिला असेल, त्याला आमच्या स्पर्धेत घेऊ. पहिला होता सापगाव. चार सामने, चारही जिंकलेले, सरासरी साडेबावीस. मागोमाग कसारा, वीस. कल्याणच्या मैदानावर खेळायचं म्हणून शेखरने नवे बूट घेऊन ठेवले. संघाचे बहुतेक गोल त्याच्याच पायातून यायचे.

डिसेंबरात दुकानातला फोन वाजला. म्हसाच्या एसटीडीवरून कोंडू बोलत होता. सिद्धगडाच्या पायथ्याच्या उंबरवाडीचा कप्तान, त्याचा संघ यादीत शेवटचा. पावसाळ्यात तो संघ घेऊन सापगावच्या स्पर्धेला आला होता, सात गोल खाऊन गेला होता.

"धाऊदादा, भात झोडून झालं. खाचरं सपाट केली, बांबूचे गोल ठोकले. कधी येताव?"

धाऊ म्हणजे सापगावचा कप्तान. पस्तिशीचा, गवंडीकाम करणारा. तरुणपणी गोव्यात कामाला होता, तिथून येताना दोन चेंडू घेऊन आला आणि गावाला हा खेळ लावला. स्पर्धेच्या दिवशी सात गोलांनी हरलेल्या त्या पोरांना त्यानेच सांगितलं होतं, भात निघालं की आमी येतो तुमच्याकडं खेळायला.

"रविवारी येतो," धाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

हितेशने तिथेच पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. "दादा, ऐक. चार सामन्यांचे आपले नव्वद झालेत. उंबरवाडीला हरवलं तर मिळणार तीन. तीन गुणिले एक गुणिले एक. त्र्याण्णव भागिले पाच, अठरा पूर्णांक सहा. आपण जिंकूनही दुसरे होतो."

"जिंकून खाली? असं कसं?"

"सरासरी आहे. मोठमोठ्या देशांचं पण असंच होतं. लहान संघाशी मैत्रीचा सामना जिंकला तरी क्रमवारीत घसरण होऊ शकते."

"म्हणून त्यांच्याकडं कोण जात नाय," धाऊ हळूच म्हणाला.

हितेशच्या हातातली पेन्सिल थांबली. उंबरवाडीच्या नावापुढे अख्ख्या हंगामात मैत्रीचा एकही सामना नव्हता. त्याने ते कधीच नीट बघितलं नव्हतं. गणित साऱ्यांना कळलं होतं आणि सगळे त्या वाटेने जायचे थांबले होते.

"फेब्रुवारीत जाऊ की," शेखर म्हणाला. "कल्याण होऊ दे आधी."

"भात कधीच निघालं, शेखर," धाऊ म्हणाला.

शेखर तणतणला, पण रविवारी टेम्पोत सगळ्यांत आधी तोच चढून बसला. किन्हवली, सरळगाव, मुरबाड, म्हसा करत टेम्पो गेला, पुढे तासभर पायवाट. उंबरवाडीने खाचरांचे बांध फोडून तीन तुकडे एक केले होते, शेणाने सारवून रेषा आखल्या होत्या. शंभरेक माणूस जमलं होतं. कोंडूची आई जिवली चुलीवर मोठा टोप चढवून उभी होती. "आलात रे बाबांनो," एवढंच ती म्हणाली आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

सामना सोपा गेला नाही. कोंडूची पोरं अनवाणी वाऱ्यासारखी पळत होती. पहिला गोल त्यांनीच केला, हितेशच्या दोन्ही पायांमधून, आणि डोंगर दणाणला. धाऊने एक फेडला. दुसरा शेखरने केला, शेवटच्या घटकेला. दोन-एक.

जेवताना शेखर हितेशच्या कानाशी आला. "मैत्रीचा सामना हाय. कागदावर नाय लिहिला तर कोणाला कळतंय?"

हितेशच्या मनात तेच घोळत होतं. त्याने धाऊकडे पाहिलं. धाऊने भाकरीचा तुकडा मोडला.

"आमी खेळलो नाय, असं ह्या माणसांना कोणी सांगायचं? तू सांगशील, शेखर?" मग हितेशला म्हणाला, "लिही. यांचा गोल पण लिही."

हितेशने खिशातून पेन्सिल काढली. इतकी वर्षं तो धाऊला चांगला खेळाडू समजत होता. माणूस त्याहून केवढा मोठा आहे, हे आज त्याला सारवलेल्या खाचरात बसून कळलं.

जानेवारीअखेर कागद लागला. कसारा पहिला, सापगाव दुसरा. कसाऱ्याचा संघ कल्याणला जाऊन एक सामना जिंकून, एक हरून आला. शेखर आठ दिवस कुणाशी धड बोलला नाही, नवे बूट मात्र रोज सरावाला घालत राहिला.

महाशिवरात्रीच्या सुमारास कसाऱ्याचा कप्तान स्वतः शाळेत हितेशला भेटायला आला. "उंबरवाडीला म्हसावरून जायचं ना? वाट सांगा."

"सरासरी पडेल तुमची."

"सापगावची पडली, ते मेले नाय ना! आमी तेवढे पण नाय का?"

कसारा गेला, आणि एक-एक बरोबरीत अडकून आला. पाठोपाठ मुरबाडचा संघ गेला. पहिल्या नंबरवाल्याशी बरोबरी म्हणजे उंबरवाडीचे सहा गुण. होळीपर्यंत ती शेवटून वर सरकून पाचवी झाली.

त्या महिन्याचा कागद हितेशने दोन प्रतींत काढला. एक फळीवर लावला. दुसरा उंबरवाडीसाठी खिशात घालून रविवारी पहाटेची मुरबाडची एसटी धरली. शेजारच्या सीटवर धाऊ होता, मांडीवर नवा चेंडू घेऊन.